चौदावी चांदणी

शिरूरच्या रोहिदास पडवळचा अमेरिकेच्या जुन्या सोन्याच्या नाण्यांचा जेवढा अभ्यास होता, तेवढा अख्ख्या तालुक्यात कुणाचा नव्हता. आता बाकीच्या तालुक्याला त्याची गरजबी नव्हती, ही गोष्ट निराळी. त्याच्याकडं भिंग होतं, डिजिटल काटा होता, दोनशे पानी चार वह्या भरल्या होत्या. नाणं तेवढं नव्हतं.

सणसवाडीच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे नग ठोकणाऱ्या कारखान्यात, त्यानं सव्वीस वर्षं क्वालिटी तपासली. डायला, म्हंजी ठशाला, तडा गेला की पत्र्यावर केसाएवढी रेघ उठते. ती रेघ रोहिदासला हातभर लांबून दिसायची. तसल्या नगाला लाल रंग फासून तो भंगारात टाकायचा. रिटायर झाला आन् मोबाईलवर त्याला कळलं, की सव्वादोनशे वर्षांमागं अमेरिकेच्या टांकसाळीत ठसे हातानं करायचे. करणारा कवा चांदण्या मोजायला चुकायचा, कवा आकडा मोठा उठवायचा. आन् आज तिथली शिकली-सवरलेली माणसं नेमका तोच चुकलेला माल हुडकत फिरतात. रोहिदासला आधी रागच आला. त्याच्या शिफ्टला असला ठसा मशीनवर चढलाच नसता. मग राग गेला आन् नाद लागला.

घराशेजारच्या टायरवाल्या लालमहंमदला त्यामुळं रोज करमणूक व्हायची.

"काय रोहिदासशेठ, आज किती चांदण्या मोजल्या?"

"हसू नका. सतराशे अठ्ठ्याण्णवचं पाच डॉलरचं नाणं हाय. गरुडाच्या डोक्यावर तेरा चांदण्या पाहिजेत. थोड्या नाण्यांवर चुकून चौदा पडल्यात. ते लई दुर्मिळ."

"तुमच्याकडं हाय?"

"न्हाई."

"मंग तेरावालं?"

"तेबी न्हाई."

"म्हंजी दोन्ही सारखीच दुर्मिळ की!" असं म्हणून लालमहंमदनं ट्यूब पाण्यात बुडवली.

रोहिदासला पैका नको होता. अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्यानं जगात ठाऊक असलेल्या चौदा चांदण्यांच्या नाण्यांची यादी केली होती. कुठलं नाणं कुठं सापडलं, कुणी ओळखलं, सगळं त्यात. त्या यादीत आपलं नाव यावं, एवढीच रोहिदासची मागणी. माणसं ग्रामपंचायतीच्या यादीत नाव यावं म्हणून झुरतात. ह्याची यादी जरा लांबची होती.

आन् ते नाणं निघालं कुठं, तर खुटबावात, बायकोच्या मावशीच्या देव्हाऱ्यात.

तुळजाबाई मावशीच्या नातवाचं लगीन ठरलेलं. लग्नाआधी देवाचे टाक उजळायची रीत, म्हणून देव्हाऱ्यातले सगळे टाक चिंचेच्या पाण्यात काढलेले. खंडोबा, भैरोबा चांदीच्या पत्र्यावर ठसवलेले. देवी तेवढी सोन्याची. जुन्या रुपयाएवढी, पाऊण तोळ्याची. कुण्या पणज्यानं मुंबईच्या गोदीतनं आणलेली. आणली का उचलली, हे त्या घरात कुणी विचारत न्हाई.

जावई म्हणून जेवायला आलेला रोहिदास पाय धुऊन आत आला आन् परातीपाशी खिळला. देवीच्या डोक्याला टोपी होती, वहीतल्या नाण्यावरच्या बाईसारखी. पाठीमागं गरुड. पाच पिढ्यांच्या अभिषेकानं तोंड गुळगुळीत झालेलं, पण पाठ शाबूत. त्यानं भिंग काढलं. एकदा मोजल्या, दोनदा मोजल्या. चौदा.

सव्वीस वर्षं नग नापास केलेली जीभ, ती ऐनवेळी थोडीच बदलणार!

"मावशी!" तो आनंदानं ओरडला. "ह्यात खोट हाय!"

तुळजाबाईच्या हातातली चिंच थांबली. "कशात?"

"ह्या देवीत. ठशातच चूक झालीया. एक चांदणी जास्तीची. लाखात एखादा नग असा निघतो! माझ्या नजरेतनं खोट सुटायची न्हाई."

"नीट बघितलं न्हवं जावईबापू?"

"शंभर टक्के. आता हिला घासू नका. सोमवारी कॅमेरा घेऊन येतो."

मोबाईलवर त्यानं घाईघाईत एक फोटो मारला आन् अमेरिकेच्या म्हाताऱ्याला धाडला. त्यात चिंचेचं पाणी उत्तम आलं होतं. बायको सुलक्षणा म्हणाली, "मावशीचं तोंड उतरलंय. तुम्ही काय बोललात?" रोहिदास म्हणाला, "तिला किंमत कळली." चार दिवस तो जमिनीवर न्हवताच. लालमहंमदला त्यानं स्वतःहून दोन चहा पाजले.

सोमवारी तो सुलक्षणाला घेऊन खुटबावात उतरला. देव्हारा लखलखत होता. सगळे टाक जागच्या जागी, आन् मधोमध सोन्याची नवीकोरी देवी. टोपी गेलेली, मुकुट आलेला. हात आठ.

"मावशी, जुनी देवी कुठं हाय?"

"हीच की ती. दौंडच्या सोनाराकडनं आटवून घेतली. त्याच सोन्याचा नवा टाक. तुम्ही म्हणालात म्हणून बरं झालं बाई. खोटीचा देव पूजून नातवाचं लगीन लावायचं व्हय? पाच पिढ्यांत एकाला दिसलं न्हाई. तुमची नजर लई बारीक."

रोहिदास देव्हाऱ्यापुढं उभा होता. अंगात तीन खिशांचं जाकीट, गळ्यात कॅमेरा. अमेरिकेच्या म्हाताऱ्याचं उत्तर सकाळीच आलं होतं: फोटोत पाणी दिसतं, नाणं दिसत नाही; वस्तू परत नीट दाखवावी.

"आता बघा," तुळजाबाईनं टाक त्याच्या तळहातावर ठेवला. "ह्यात तर खोट न्हाई न्हवं? तसं असंल तर आत्ताच सांगा, लगीन गुरुवारी हाय. परत आटवायला लावते."

त्यानं सवयीनं भिंग लावलं. सोनाराचा ठसा हललेला होता. उजवीकडच्या एका हाताला दुहेरी कड उठलेली, अगदी ठसठशीत. कारखान्यात हा नग त्यानं मान वर न करता लाल केला असता.

तुळजाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"ओके हाय," रोहिदास म्हणाला, आन् भिंग खिशात घातलं.

"बघ गं सुलक्षणा," मावशी म्हणाली, "पास केली जावईबापूंनी." आन् तिनं दुहेरी कडेच्या देवीला कुंकवाचं बोट लावलं.