बाणाला वळण लावताना

परभणीच्या आमच्या कचेरीत नव्वदनंतर कधीतरी पहिला कॉम्प्युटर आला आणि टायपिंग येतं म्हणून मला त्याच्या खोलीत बसवलं. खोली खाली, बाकी सगळे वर हॉलमध्ये. धूळ नको म्हणून दार बंद, पडदे ओढलेले. दिवसभर बोलायला कुणी नाही. आणि मला गप्प बसायचं म्हणजे शिक्षाच!

वर रोज चार वाजता चहा व्हायचा. हसण्याचा आवाज जिन्यातून खाली यायचा. माझी मात्र तालुक्यांची पत्रं छापून होईस्तोवर साडेपाच. तेच ते: माउसनं पत्र उघड, छापायला सांग, बंद कर, पुढचं उघड. सुरुवातीला माझा कप झाकून ठेवायचे, मग तेही सोडलं. चहाचं काय एवढं कौतुक? मला माणसांत बसायचं होतं, बस्स.

अशात मशीनमध्ये एक नोंद करणारा प्रोग्राम सापडला. तो सुरू करायचा, आपण आपलं काम करायचं, तो बंद करायचा. मग एक बटण दाबलं की मशीनच्या पडद्यावरचा माउसचा बाण आपला आपण तेच काम करून दाखवायचा. पहिल्यांदा तो एकटाच सरकला तेव्हा मी “अगं बाई!” म्हणून खुर्चीतून उठलेच. पण सांगणार कुणाला? भिंतीला?

तेवढ्यात खंडेनवमी आली. टाइपरायटर, पंच, कपाटाच्या किल्ल्या, सगळ्यांची पूजा, मशीनचीही. बंद मशीनची कसली पूजा, म्हणून ते चालू ठेवलं. एकेकानं माउसला हात लावून नमस्कार केला, आणि त्या नादात, ज्यांच्यावर बाण नेला की कामं उघडायची ती पडद्यावरची छोटी चित्रं इकडची तिकडं झाली. माझ्या ध्यानातच आलं नाही. दसरा झाल्यावर मी साहेबांना बोलावून मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “बघा हं.” बाण ठरल्या जागी गेला आणि पत्राऐवजी पत्त्यांचा डाव उघडला.

“हे काम चालतंय व्हय हितं?” साहेब म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक माझीच होती. मी बाणाला नुसती जागा शिकवली होती. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात बारीक अक्षरात लिहिलं होतं, की नोंद करताना माउस वापरू नका, कीबोर्डच्या बटणांनी काम करा. म्हणजे चित्रं कुठंही सरकली तरी बिघडत नाही. पुस्तक इंग्रजी, विचारायला कुणी नाही. आठवडाभर डोकं फोडलं आणि जमलं एकदाचं! पावणेचारला बटण दाबलं, पत्रं एकामागून एक छापायला लागली. मी केस नीट केले आणि वर गेले.

हॉलमधलं हसणं थांबलं.

“म्याडम, मशीन बिघडलं का?”

“न्हाई वो, सहज आले.”

“सहज?”

कुणीतरी खुर्ची दिली. शिपाईमामांनी आपल्या कपातला अर्धा चहा मला ओतला. दोघांनी मशीनची चौकशी केली, मग सगळे आपापल्या कपात बघत बसले. मी मनाशी म्हटलं, पहिला दिवस आहे, होईल सवय.

दुसऱ्या दिवशी मी उठणार तोच दार वाजलं. शिपाईमामा, हातात वाफाळता कप, बशीत दोन बिस्किटं.

“साहेब म्हणले, म्याडमला उगं जिना चढायला लावू नका. आता रोज हितंच आणून देतो बघा.”

त्यांच्या तोंडावर इतका आनंद, की मी म्हणाले, “लय चांगलं केलंत, मामा.”

दार लावून ते गेले, आणि मी मोठमोठ्यानं रडले. पत्रं आपली छापली जातच होती.