पत्त्यापुढचं शून्य

नीळकंठ दाते हा मुळात भित्रा माणूस. ही निंदा नव्हे. तो स्वतःही ते कधी नाकारत नसे. पुण्यात असताना गॅसचं बटण बंद केलंय ना, हे बघायला तो अर्ध्या रस्त्यातून परत यायचा. अशा माणसाने वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, परक्या देशात, घर सोडून गाडीत राहायला सुरुवात केली. त्याला ओळखणाऱ्यांना ही चेष्टाच वाटली.

पण दुसरा इलाज उरला नव्हता. एनस्खेडे या डच शहरातल्या विद्यापीठात दोन वर्षं संशोधन करून तो कापेल आन डेन आयसेल या गावातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीला लागला, आणि सव्वा वर्षात घरमालकाने फ्लॅट विकायला काढला. नव्या घरांची भाडी सोळाशे युरोंच्या पुढे. तीही द्यायची तयारी केली, तर एकेका घरापुढे चाळीस जणांची रांग. दोन महिन्यांत त्याने एकोणीस घरं पाहिली आणि एकोणीस नकार पचवले. शेवटी शिलकीतून एक जुनी कॅम्पर घेतली. आत पलंग, शेगडी, छोटं बेसिन, आणि उभं राहिलं की डोकं छताला जेमतेम लागणार नाही एवढी उंची.

भीती वाटली की नीळकंठ हिशेब मांडतो. कॅम्परचा तक्ता त्याने लॅपटॉपवर असाच मांडला. झोपेत गॅस गळला तर? गॅसचा वास हुंगणारं यंत्र, एकोणचाळीस युरो. हिवाळ्यात पाण्याची नळी गोठली तर? नळीला गुंडाळायचा फोम, बारा युरो. इंजिनाने मान टाकली तर? दरमहा दीडशे बाजूला. एका शेतकऱ्याच्या आवारात गाडी लावायचे पैसे, डिझेल, विमा, रस्ताकर, आणि गरम पाण्याने अंघोळ करता यावी म्हणून घेतलेली जिमची वर्गणी. सगळं मिळून महिन्याला नऊशे तेहतीस. भीतीला रक्कम लागली की ती निदान रात्रीपुरती गप्प बसायची.

एकाच भीतीला रक्कम लागत नव्हती. ती पत्त्याची.

या देशात माणूस खेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, दप्तरात कुठल्यातरी पत्त्यावर असावाच लागतो. पत्ता नाही तर विमा नाही, डॉक्टर नाही, आणि मुख्य म्हणजे राहण्याचा परवाना धोक्यात. शेतकऱ्याच्या आवारात गाडी लावता येते, नाव लावता येत नाही. नुसत्या पत्रांपुरता पत्ता मिळण्याची सोय आहे म्हणे. पण ती मागायला गेलं की पहिला प्रश्न येणार, तुम्ही झोपता कुठे? त्या प्रश्नाच्या धाकाने नीळकंठ त्या पायऱ्या कधी चढलाच नाही. त्याऐवजी कॉलेजातल्या मित्राच्या, अंबरीशच्या, डीमन गावातल्या भाड्याच्या घरी त्याने नाव लावलं. अंबरीश म्हणाला, "लाव रे, काय फरक पडतो." त्याची बायको वृंदा भाडेकरार काढून चाळू लागली. देशात सलग पाच वर्षं भरली की कायम राहण्यासाठी अर्ज करता येणार होता. कॅम्परमध्ये वर्ष उलटलं तेव्हा त्यातली चार वर्षं सात महिने झाले होते.

आणि इथे त्या शहाण्या माणसाने एक गाढवपणा केला.

मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिवांगी नावाच्या विद्यार्थिनीने विचारलं होतं, खोली मिळत नाहीये, कॅम्परमध्ये राहणं परवडतं का? नीळकंठने आयुष्यात कधी ग्रुपवर चार ओळी लिहिल्या नव्हत्या. पण या विषयात त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? त्याने सरळ तक्ता टाकला. खाली कौतुकाचा पाऊस. "काय बारकाईने केलंय." "दाते, तुम्ही तर पुस्तकच लिहा." तो दोन दिवस हवेत होता. तिसऱ्या दिवशी बसस्टॉपवर उभा असताना त्याला एकदम आठवलं. तक्त्यात एकही चौकोन रिकामा ठेवायचा नाही, ही त्याची जुनी खोड. त्यामुळे पत्त्यापुढे त्याने इमानदारीत लिहिलं होतं: डीमन, अंबरीशकडे, प्रत्यक्ष राहत नाही, खर्च शून्य. वर स्वतःचं पूर्ण नाव.

 त्याने तक्ता ग्रुपवरून काढून टाकला, पण तोवर तो आणखी तीन ग्रुपवर फिरत होता. कापेलच्या ऑफिसात एका बंगाली सहकाऱ्याने तो त्यालाच दाखवला. "भाई, ये आपका है क्या? बहुत सही बनाया है."

तीन आठवड्यांनी अंबरीशच्या दारात खेमेंटेचं पत्र पडलं. दाते या पत्त्यावर राहतात का याबद्दल शंका आहे, चौकशी होईल, कर्मचारी घरी येऊ शकतील. कुणी कळवलं, की तपासणी नेहमीचीच होती, हे आजतागायत कळलेलं नाही. नीळकंठला मात्र ग्रुपवरची दोनशे माणसं एकामागून एक दिसत राहिली.

त्याच संध्याकाळी तो एक बॅग घेऊन डीमनला राहायला आला. अडगळीच्या खोलीत गादी पडली, मोरीत त्याचं दाढीचं सामान लागलं, टपालपेटीवर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटली. रोज सकाळी ट्रेन आणि मेट्रो बदलत सव्वा तास ऑफिसला, संध्याकाळी परत. आणि संध्याकाळी सराव. अंबरीश अधिकारी व्हायचा आणि विचारायचा, "मिस्टर दाते इथे कधीपासून राहतात?" वृंदा डच भाषेत उत्तर द्यायची. पहिल्या दिवशी ती हसली होती. चौथ्या दिवशी तिने हातातला चमचा ओट्यावर आपटला.

"आपल्या भाडेकरारात तिसऱ्या माणसाला परवानगी नाहीये, अंबरीश. उद्या मालकाला कळलं तर आपण कुठे जायचं? आपण पण कॅम्पर घ्यायची?"

"चार-पाच महिन्यांचा प्रश्न आहे गं."

"मला रात्री झोप लागत नाही," ती म्हणाली. तिने नीळकंठकडे पाहिलं नाही.

नीळकंठ खाली मान घालून आमटीभात जेवला. आजवर त्याची भीती त्याची एकट्याची होती, आणि तिची त्याला सवय होती. आता ती या घरात पसरली होती. बेल वाजली की वृंदा दचकायची, मग ती बेल कुरियरवाल्याची का असेना. ते बघून त्याला स्वतःची लाज वाटू लागली, आणि लाजेमुळे भीती कमी होते असं काही नसतं.

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता बेल वाजली. दारात पन्नाशीची एक बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. आवाज अगदी मऊ. आत येऊ का, म्हणाली. तिने खोली पाहिली, गादी पाहिली, दाढीचं सामान पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. मग ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि वृंदालाच तिने विचारलं, "मिस्टर दाते रोज इथेच झोपतात का?"

याच प्रश्नाचं उत्तर वृंदाने दहा वेळा घोकलं होतं. तिने चहाचा कप उचलला, ओठ उघडले, आणि तिच्या हातातला कप बशीवर खडखडू लागला. नीळकंठ समोर बसला होता. त्याला ते बघवेना.

"नाही," तो म्हणाला. "मी कॅम्परमध्ये राहतो. इथे आठ दिवस झालेत फक्त. यांचा काही दोष नाही."

अंबरीशने डोळे मिटून घेतले. बाईने टॅबलेटवरून मान वर केली आणि विचारलं, "कधीपासून?"

आता थोडं कमी सांगता आलं असतं. दोन महिने म्हणाला असता तरी कुणी मोजायला जाणार नव्हतं. पण चुकीचा आकडा नीळकंठच्या तोंडून निघेना. "एक वर्ष, दोन महिने, अकरा दिवस," तो म्हणाला.

बाईने ते लिहून घेतलं. मग तिने न रागावता समजावून सांगितलं. नोंद रद्द होऊ शकते, कदाचित मागच्या तारखेपासून. तसं झालं तर परवान्याचं काय, ते दुसरं खातं ठरवेल. पत्रांपुरत्या पत्त्यासाठी अर्ज आजही करता येईल. मिळेलच असं ती सांगू शकत नाही. निर्णयाला आठ आठवडे लागतील. नीळकंठ प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. पाच वर्षांपैकी किती शिल्लक राहतात, हा हिशेब मनातल्या मनात सुरू करून तो पुन्हा पुन्हा चुकत होता. 

बाई उठली, कोट घातला, आणि दारापाशी थांबली.

"निर्णयाचं पत्र कुठे पाठवू?"

 नीळकंठच्या कॅम्परला पत्ता नव्हता. अंबरीश वृंदाकडे बघत राहिला.

वृंदाने कप खाली ठेवला. 

"इथेच पाठवा," ती म्हणाली.