मी धरलेलं बाळसं

वयाच्या बाविसाव्या वर्षी, लग्न झालेलं नसताना, मला मूल झालं. आणि ही बातमी घरात सगळ्यात शेवटी मला कळली.

गोष्ट सत्तरीच्या दशकातली. सोलापुरात भवानी पेठेत आम्ही चौघं राहायचो. आई, यंत्रमागावर कामाला जाणारा थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि मी. पोलीस भरती जवळ येत होती आणि माझी छाती कुठल्याच मापात बसत नव्हती. (बनियन घातला की तो खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा.) तालमीत जायला लागलो. वस्तादांनी माझा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि दूध, तूप, बदाम खायला सांगितलं. आमच्याकडं तूप सणाला यायचं आणि बदाम कुणी फारच आजारी पडलं तर. मग मी फुटाणे, शेंगदाणे आणि बेकरीतला शिळा पाव यांवर भागवलं. छाती होती तिथंच राहिली. पोट मात्र वारा धरायला लागलं, आणि तालमीत माझ्या मागं बैठका मारायला कुणी तयार होईना.

अशात एका औषधाच्या दुकानात चेपलेला डबा दिसला. लहान बाळाला देतात ती दुधाची पावडर. चेपल्यामुळं दुकानदार तो स्वस्तात काढत होता. डब्यावर एक गुबगुबीत पोर हसत होतं. दंडाला वळ्या, मांड्यांना वळ्या. सहा महिन्यांच्या पोराचं हे होतं, तर माझ्यासारख्या वाढलेल्या माणसाचं काय होईल! शिवाय चूल नको, भांडं नको. झाकण काढायचं आणि चमचा तोंडात घालायचा. त्या दुकानदाराकडं चेपका डबा आला की मी विकत घ्यायला लागलो. घरात कुणी हसू नये म्हणून तो पलंगाखाली, ट्रंकेमागं लपवायचो.

एके दिवशी वहिनीची केरसुणी त्या डब्याला लागली. तिनं मला काही विचारलं नाही, आईला सांगितलं. आईनं दादाला सांगितलं आणि अकलूजच्या मामांना पत्र लिहायला लावलं. मला एवढंच जाणवलं, की घरातले सगळे माझ्याशी एकाएकी हळू आवाजात बोलतायत आणि वहिनी भाकरी वाढताना माझ्याकडं बघत नाही.

रविवारी दादानं मला ओट्यावर बसवलं.

"किती महिनं झालं?"

याला डबा सापडला, हे मी ओळखलं. "तीन," मी म्हणालो.

"मग घरात सांगायचं न्हाय व्हय?"

"लाज वाटत हुती, दादा."

तो जरा जवळ सरकला. मग म्हणाला, "आता तब्येत कशी हाय?"

"भरतीय हळूहळू. दीड किलो वाढलंय की वजन."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या वजनाची याला एवढी काळजी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मलाही भरून आलं.

"आन् ती? तिला कुटं ठेवलीयास?"

"पलंगाखाली," मी म्हणालो. पावडर ती, आता तिचं काय लपवायचं?

दादाचा हात वर गेला. तो खाली यायच्या आत गल्लीतून मामा आले. खांद्यावर पिशवी, पिशवीत झबली, टोपडी आणि डबाभर डिंकाचे लाडू. आईला त्यांनी दारातच समजावलं, की झालं ते झालं, पोरीला घरात घ्या, लेकराचा काय गुन्हा. मग माझ्याकडं वळून विचारलं, "लेकरू कुटाय?"

"कुणाचं?" मी म्हणालो.

मी बाप झाल्याचं मला कळलं ते तेव्हा.

मी डबा आणून पुढं ठेवला, सगळं सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. शेवटी चौघांसमोर तीन चमचे पावडर कोरडीच तोंडात घातली. ती टाळूला जाऊन बसली. जीभ हलेना, बोलायला गेलो की तोंडातून पांढरा धुरळा निघे. आधी वहिनी हसली, मग मामा, मग माझ्या पाठीत धपाटे घालता घालता दादाही. आई तेवढी हसली नाही. एक टोपडं मांडीवर पसरून ती बसून राहिली होती. गेल्या आठ दिवसांत रडून-भेकून झाल्यावर तिनं मनातल्या मनात नातवाचं नावही ठरवलं होतं, असं पुढं वहिनीकडून कळलं.

मामांनी झबली-टोपडी परत नेली, पण लाडू न्यायला ते तयार होईनात. घरात बाळंतीण नव्हती, म्हणून ते माझ्या वाट्याला आले. आधी रोज दोन, मग चार. वजन असं वाढलं, की भरतीच्या मैदानावर मी सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहिलो.

हवालदारानं छातीला टेप लावली आणि फुगवायला सांगितलं. मी होता नव्हता तेवढा जोर लावला.

त्यानं टेपकडं बघितलं, मग खाली बघितलं. "आरं, छाती म्हणलं, पोट न्हाय."

"छातीच हाय ती, साहेब," मी श्वास रोखूनच म्हणालो. "जरा खाली उतरलीय."