पहिल्या दिवाळीतलं मार्कंडा

लग्नानंतरची पहिली दिवाळी मी सासरी केली. सासर तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात होतं. मूल स्टेशनावर उतरून सावलीच्या अंगाला गेलं की वैनगंगेच्या अलीकडे धानाचं एक गाव लागतं, ते. मी वर्धेकडचा, कापसाच्या मुलखातला, एका खेड्यातल्या शाळेत मास्तर. लग्न गर्दीत उरकलं होतं, त्यामुळे सासरची माणसं मी नीट पाहिली ती या दिवाळीतच.

सासरे ठेंगणे, काटक आणि अबोल होते. मी ओसरीवर आलो की ते बाजेवरून उठून खाली बसायचे. मी कितीही विनवलं तरी जावयाच्या बरोबरीनं बसायचे नाहीत. पाणी पाहिजे का, झोप झाली का, यापलीकडे आमचं बोलणं गेलेलं नव्हतं. मी त्यांना मामाजी म्हणायचो आणि पुढे काय बोलावं ते न सुचून गप्प राहायचो.

भाऊबीजेच्या दुपारी जेवताना अशीच शांतता पसरली, तेव्हा मी विचारलं की मार्कंडा इथून किती दूर आहे. आमच्या शाळेत एका जुन्या मासिकात त्या देवळाचं छायाचित्र होतं. पायथ्यापासून वरपर्यंत मूर्तींच्या रांगाच रांगा. एवढं नावाजलेलं देऊळ आपल्या सासुरवाडीजवळ आहे, हे मला लग्न ठरल्यावर कळलं होतं. पण विचारलं ते खरं म्हणजे काहीतरी बोलायचं म्हणून.

सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "नदीच्या पल्याड हाये," ते म्हणाले. "उद्या जाऊ."

संध्याकाळी बायकोनं मला बाजूला घेऊन सांगितलं की हलका, लवकर येणारा धान कापून बांधीत, म्हणजे खाचरात, पडला आहे, आभाळ भरून येतं आहे, आणि भारे बांधून खळ्यावर आणायला घरातला एकेक हात हवा आहे. मी म्हणालो, मग जाणं रद्द करतो. ती म्हणाली, आता तसं करू नका. पहिल्या दिवाळीला जावयानं तोंडातून काढलेला शब्द मागे घेतला, तर पाहुणचारात काहीतरी चुकलं असं बाबांच्या मनाला लागून राहील.

सकाळी थंडीत आम्ही दोघंच बंडीत बसून निघालो. सासरे बैल हाकायला पुढे, मी मागे धानाच्या तणसावर अंथरलेल्या सतरंजीवर. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चाललेली. जो दिसेल तो हात थांबवून विचारायचा, पाहुण्याला घेऊन कुठे निघालात. मार्कंड्याला, असं ऐकल्यावर प्रत्येकाला नवल वाटायचं. जत्रा महाशिवरात्रीला. आता तिथे कशाला? सासरे दर वेळी एकच उत्तर द्यायचे, "जवाईबापूले पाहाचं हाये." ते ऐकून मला दर वेळी ओशाळल्यासारखं व्हायचं.

पुढे जंगल लागलं आणि एका फाट्यावर सासऱ्यांनी बैल थांबवले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खाली उतरून थोडं पुढे जाऊन आले. मग डावी वाट धरली. ती वाट मोहाच्या झाडांमधून जात जात एका उंच दरडीवर संपली. खाली बरंच खोल वैनगंगा वाहत होती. उतरायला जागाच नव्हती. पण पलीकडच्या काठावर, वरच्या अंगाला, झाडांमध्ये काळ्या दगडाची शिखरं दिसत होती. एक, दोन, मग नजर सरावली तसा शिखरांचा घोळकाच दिसायला लागला.

सासरे कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले की मी इथे पोरवयापासून दर वर्षी येतो, पण वाट कधी पाहिलीच नाही. जत्रेत बंडीमागे बंडी असते. पुढची जाते तिकडे आपली जाते. हे त्यांनी लपवलं नाही, हसण्यावारीही नेलं नाही. आमची बंडी वळवून आम्ही मागे आलो. गवत कापत असलेल्या एका बाईला विचारलं. तिनं विळ्यानंच दिशा दाखवली आणि सांगितलं की घाट त्या टोल्याजवळ आहे, पण नावाडी घाटावर सापडायचा नाही. तो धान कापायला गेला आहे.

टोल्यावर पोचलो. चार-सहा घरं. बैल सोडून बांधले आणि नावाड्याला शोधत त्याच्या शेतावर गेलो. तो आणि त्याची बायको कापलेल्या धानाचे भारे बांधत होते. आम्ही काय म्हणतो ते त्यानं ऐकून घेतलं, पण काम थांबवलं नाही. आभाळाकडे बोट करून म्हणाला की एवढी बांधी आवरली की नेतो, त्याआधी नाही. त्याचं खरं होतं. मी सासऱ्यांना म्हणालो, मामाजी, परत जाऊ. देऊळ लांबून का होईना, दिसलं.

त्यांनी डोक्याचा शेला काढून कंबरेला गुंडाळला, धोतर वर खोचलं आणि बांधीत उतरून भारे बांधायला लागले. घरी स्वतःचा धान तसाच पडलेला, आणि हा माणूस जावयाला देऊळ दाखवायचं म्हणून परक्याचे भारे बांधतो आहे. शेताच्या धुऱ्यावर नुसतं उभं राहणं मला जमेना. मीही चपला काढून उतरलो. मला बांधता येत नव्हतं, म्हणून मी कापून आडव्या टाकलेल्या धानाच्या कडपा उचलून त्यांच्या हाती द्यायला लागलो. ते नको म्हणाले नाहीत. नावाड्याची बायको मात्र पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत होती. जावई शेतात उतरलेला तिनं कधी पाहिला नसावा.

ऊन वर आल्यावर काम संपलं आणि नावाड्यानं डोंगा सोडला. एका झाडाच्या खोडातून कोरलेला, अरुंद, बसल्यावर दोन्ही बाजूंना पाणी हाताला लागेल असा. मला पोहता येत नव्हतं. आमच्या गावी पोहायला पाणीच कुठे? सासऱ्यांना ते माझ्या बसण्यावरून कळलं असणार. ते माझ्याकडे तोंड करून समोर बसले आणि त्यांनी आपले दोन्ही गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकवून ठेवले. पलीकडे लागेपर्यंत तसेच.

देवळाच्या आवारात चिटपाखरू नव्हतं असं म्हणवत नाही, कारण पोपट भरपूर होते. माणूस मात्र एकच, देखरेखीला ठेवलेला म्हातारा. तो आम्हाला पाहून उठला, कुठून आलात विचारलं आणि पुन्हा सावलीत जाऊन पडला. मोठ्या देवळाच्या शिखराचा वरचा भाग पूर्वी कधी वीज पडून कोसळलेला होता. सभामंडपात नंतर घातलेले जाडजूड, ओबडधोबड खांब होते. आणि बाहेरच्या भिंतीवर ते सगळं होतं, जे मी छायाचित्रात बोटाएवढं पाहिलं होतं. एकावर एक तीन रांगा, देव, बायका, वादक, साधू. मी प्रदक्षिणा घालत राहिलो. मान दुखायला लागली तरी पाहत राहिलो.

सासरे आत दर्शन घेऊन आले आणि माझ्या मागोमाग फिरायला लागले. एका कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "मी भिंत आजच पाह्यली जी. जत्रेत समोरच्याची मान दिसते फक्त."

मग नदीकडच्या पायऱ्यांवर बसून आम्ही शिदोरी सोडली. तांदळाच्या भाकरी, वांग्याची कोरडी भाजी, दिवाळीचे अनारसे. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या शेजारी, एकाच पायरीवर बसले. खाणं झालं, हात धुतले, तरी ते उठेनात. पाण्याकडे पाहत म्हणाले, "एक इचारू का?"

"विचारा ना मामाजी."

"माही पोरगी तुमच्या इथी राजीखुशी हाये का? घरी इचारलं तर ती हाव म्हणते. तिच्या मायले बी हावच म्हणते."

मला तेव्हा समजलं की ते मार्कंडा दाखवायला तर आले होतेच, पण घरात, चार माणसांत, जावयाला असा प्रश्न विचारता येत नाही, म्हणूनही आले होते. सगळं ठीक आहे असं म्हणणं सोपं होतं. जावई तसंच म्हणतात. पण सकाळपासून त्या माणसाला पाहिलं होतं, त्यामुळे तसं म्हणवेना. मी सांगितलं की तिला त्रास कोणी देत नाही. माझी आई कडक आहे, पण वाईट नाही. पण त्यांची मुलगी बोलत नाही. बोलली की तिचं झाडीकडचं, धानाच्या मुलखातलं बोलणं ऐकून घरातल्या बायका हसतात, म्हणून बोलणं तिनं कमी केलं आहे. ज्वारीची भाकर तिला सोसत नाही, आणि भात आमच्याकडे सणालाच होतो. दुपारी काम नसताना ती विहिरीवर जाऊन बसते. काय करतेस विचारलं तर काही नाही म्हणते.

ते ऐकत होते. विहिरीचं ऐकल्यावर त्यांनी मान हलवली.

"तिले तलावाची सवय हाये," ते म्हणाले. "आमच्या इथी घरामागं तलाव. चालाले लागली तशी पाण्यात. तुमच्या गावी तलाव नाई, मले मालूम होतं. देतानी तेवढंच मनात आलं होतं."

मग म्हणाले, "सालातून एकदा रोवण्याच्या, धान लावाच्या टायमाले तिले धाडत जा. कामासाठी नाई. पाण्यात उभी राहाले."

मी म्हणालो, पाठवीन. बस, एवढंच. त्यांनी शेला झटकला आणि नावाड्याला हाक मारली.

परत येताना नदी ओलांडली आणि बंडी जुंपली तोच पाऊस आला. मोठा नाही, पण चांगला भिजवणारा. सासऱ्यांनी सतरंजी माझ्या डोक्यावर घातली आणि स्वतः भिजत बैल हाकले. दिवेलागणीला घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. अर्धा धान खळ्यावर आला होता, अर्धा बांधीत भिजला होता. माझ्यादेखत कोणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला गरम पाणी दिलं, जेवायला वाढलं, देऊळ कसं आहे ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तसा मी सगळ्यांबरोबर शेतात गेलो. सासूबाईंनी खूप अडवलं. पहिल्या दिवाळीचा जावई शेतात गेला तर गाव काय म्हणेल, असं त्यांचं म्हणणं. सासरे फक्त म्हणाले, "येऊ दे. कडपा देता येतात त्यायले." भिजलेला धान उलटून पालटून वाळवायला ठेवला. बराचसा वाचला, काही काळा पडला. बायको शेतात माझ्यापासून लांब काम करत होती आणि तिच्या मैत्रिणी मला पाहून काय बोलत होत्या ते मला कळत नव्हतं. पण ती मोठ्यानं हसत होती. तिचं असं हसणं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात मी तिला माहेरी पाठवायचं काढलं, तेव्हा आमच्या घरी वाद झाला. कपाशीच्या निंदणाचे दिवस, आणि सुनेला माहेरी धाडायचं? आईनं चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मी देवळाच्या पायरीवरचं काही सांगितलं नाही, नुसतं पाठवायचं आहे म्हणालो आणि बायकोला मूलच्या गाडीत बसवून आलो. रोवणा संपल्यावर ती आली ती उन्हानं रापलेली, पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या, आणि बरोबर तांदळाचं गाठोडं. आल्या दिवशी तिनं चुलीवर भात चढवला आणि आईनं आज सण कोणता असं विचारलं, तेव्हा तिनं तिच्याच बोलीत उत्तर दिलं की आत्याबाई, भूक लागली तो सण. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, पाठवली होती एक आणि आली दुसरीच. पण भात तिनंही खाल्ला.

त्यानंतर बायको दर वर्षी जात राहिली. पोरं झाली तेव्हा पोरांना घेऊन गेली. आईनं पुन्हा कधी हरकत घेतली नाही. उलट आषाढ लागला की तीच विचारायची, हिला कधी सोडतोस.

मार्कंड्याला मी नंतर दोनदा गेलो, एकदा शाळेच्या सहलीबरोबर आणि एकदा जत्रेत. जत्रेत मलाही समोरच्याची मान तेवढी दिसली. सासऱ्यांशी मात्र तसं बोलणं पुन्हा झालं नाही. मी गेलो की ते बाजेवरून उठायचे, खाली बसायचे आणि विचारायचे, गाडीला गर्दी होती का. मी सांगायचो, होती. मग आम्ही दोघं मागच्या बाजूला तलावाकडे तोंड करून बसायचो, जेवायला हाक येईपर्यंत.