पाडव्यापर्यंत थांबलेली सही

कार्डिफच्या मराठी मंडळात सगळे मला विचारायचे. मुलांची शाळा, घराचं मॉर्गेज, व्हिसा, काहीही. मीही न विचारलेलं सांगायचो. पंचवीस वर्षं इथे डॉक्टरकी केलेली, ब्रिटिश पासपोर्ट खिशात. त्यामुळे या देशातलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

दोन हजार सहा साली नागपूरच्या माझ्या वर्गमित्राची मुलगी आमच्याकडे राहत होती. इथली डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन नोकरी शोधत होती. आपल्याकडच्या डॉक्टरांना तेव्हा वर्क परमिट न काढता इथल्या हॉस्पिटलात शिकाऊ म्हणून काम करता यायचं. पोरगी रोज अर्ज करायची आणि रोज नकार वाचायची. शेवटी मार्चमध्ये ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलचं पत्र आलं. लहान मुलांच्या विभागात जागा, तिला हवी होती तीच. ती जिन्यातच बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

डोळे पुसून म्हणाली, "काका, फॉर्म आजच साइन करून पाठवते. तो मिळाला की ते व्हिसाचं लेटर देणार आहेत."

"थांब," मी म्हणालो. "पुढच्या गुरुवारी पाडवा आहे. साडेतीन मुहूर्तांतला एक. त्याआधी अमावस्या येतेय. आठवड्याने असं काय बिघडतं?"

"पण टीव्हीवर रोज तेच चाललंय ना, रूल्स टाइट करणार म्हणून."

चाललं होतं खरं. रोज संध्याकाळी कोणीतरी पुढारी गंभीर चेहरा करून सांगायचा, लोंढे येतायत, दार बंद करायला हवं, आपल्या मुलांना आधी. आणि मी सोफ्यावर बसून मान डोलवायचो. दोन वर्षांत आमच्या भागात पोलंडचे लोक बरेच आले होते आणि मंडळात चहाबरोबर त्यांच्या नावाने खडे फोडण्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो.

"अगं, ते पोलंडवाल्यांबद्दल बोलतायत," मी हसून म्हणालो. "आपण डॉक्टर. आपल्याला कोण हात लावतंय?"

"अहो, पाठवू दे ना तिला," बायको आतून म्हणाली. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पाडव्याला मागच्या बागेत पडद्याच्या दांड्याची गुढी उभारली. पोरीने गुढीला नमस्कार केला, फॉर्मवर सही केली आणि आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पाकीट टाकून आलो. घरी श्रीखंड होतं.

मंगळवारी हॉस्पिटलचा फोन आला. तिच्या हातून मीच घेतला. पलीकडची बाई अगदी नम्र होती. म्हणाली, कालपासून नियम बदललाय. आधी ब्रिटिश आणि युरोपियन उमेदवार, मग जागा उरली तर बाकीचे, तेही वर्क परमिट काढून. तुमचा फॉर्म कालच पोचला. आठवडाभर आधी मिळाला असता, तर आम्ही लेटर देऊ शकलो असतो. आय अॅम सो सॉरी, डॉक्टर.

मी रिसीव्हर धरून उभाच राहिलो. पोलंडचा डॉक्टर चालणार होता, आमची पोरगी चालणार नव्हती. ज्या दारासाठी मी इतके दिवस मान डोलवली, ते तिच्याच तोंडावर आपटलं होतं! आणि नियम काही गुपचूप आला नव्हता. कॉम्प्युटर उघडून पाहिलं, तर चार आठवड्यांपूर्वीच जाहीर झालेला. मी, सगळ्यांना सल्ले देणारा, एक ओळ वाचली नव्हती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिला सांगितलं, तेव्हा मी शिव्यांची वाट पाहत होतो. तिने माझ्यासमोरच नागपूरला फोन लावला. "बाबा, पोस्टाने फॉर्म लेट केला," म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मला तेव्हाच फोन घेऊन खरं सांगता आलं असतं. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

व्हिसा संपला तशी ती परत गेली. काही दिवसांनी वर्गमित्राचा फोन आला.

"पोरीला घरच्यासारखं सांभाळलंस रे, तुझे उपकार विसरणार नाही," तो म्हणाला. "पण आता कुठे अर्जच करत नाही म्हणते. ऑस्ट्रेलियाचं विचारलं, नको. मुंबईचं विचारलं, तेही नको. दिवसभर खोलीत पडून असते. तू बोल तिच्याशी. ती तुझं ऐकते."