प्रश्नचिन्हांचा क्रम

मुलांनो, तुम्ही दोघे तिकडे प्रोग्रॅमिंगचं जे काम करता, त्याची तोंडओळख मला शिरूरच्या शाळेत झाली. मी इंग्रजी शिकवायचे, आणि शाळा सोडल्याचे दाखलेही मीच टाइप करायचे; ते माझ्या सहीने जायचे. सव्वीस वर्षांत एकही दाखला चुकीमुळे परत आला नव्हता. मला त्याचा अभिमान होता.

दौंडहून एसटीने येणारे गणिताचे सर मला ताई म्हणत. दाखल्यांसाठी त्यांनी पीएचपी या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला आणि मलाही हौसेने समजावला. माहिती साठवायच्या आज्ञेत नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतात. खरी नावं खालच्या ओळीत बांधायची. पहिलं नाव पहिल्या चिन्हाला, दुसरं दुसऱ्याला. कुठलं नाव कुणाचं हे यंत्राला कळत नाही, ते फक्त क्रम पाहतं.

त्या वर्षी दाखल्याच्या छापील अर्जावर आईच्या नावाचा रकाना नव्याने आला, तोही वडिलांच्या आधी. सरांनी तो प्रोग्रॅममध्येही घातला.

जूनमध्ये केंदूरचे एक पालक दाखला नाचवत ऑफिसात आले. "बाई, पोरीचा बाप म्हणून माझ्या बायकूचं नाव लावलंय. आन् आईच्या जागी मी! आता लुगडं नेसून फिरू व्हय?"

सगळे हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत. सर चटकन म्हणाले, "टायपिंगमध्ये घोळ झालाय. ताईंचं आता वय झालं."

मी अर्ज काढून पाहिले. माझं टायपिंग अचूक होतं. प्रोग्रॅमची छापील प्रत माझ्या फाइलला होती. वरच्या आज्ञेत वडील आधी, खालच्या बांधणीत आई आधी; सरांनी खालचा क्रम नवा अर्ज पाहून लावला होता, वरचा तसा लावायचा राहिला होता. मग संगणकावर तीच ओळ उघडली. ती त्याच दुपारी दुरुस्त झालेली होती, मला न सांगता.

"ताई, माझी बढती अडकलीय," सर हळूच म्हणाले. "तुम्हाला काय, दोन वर्षांत रिटायर."

मी प्रत मुख्याध्यापकांपुढे ठेवली. "यातलं मला काय कळणार? सरांना कळतं," ते म्हणाले आणि दाखल्यांचं काम सरांकडे दिलं.

महिन्याभराने सरांनी बढतीचा इंग्रजी अर्ज तपासायला माझ्याच टेबलावर आणून ठेवला. मी तो न उघडता परत दिला. त्यांना खरोखर नवल वाटलं. मला तेच जास्त लागलं.