टोपी काढायची जागा

आमच्या पुढच्या खोलीत ऑर्गन कित्येक वर्षं पडून होता. त्यावर मी क्रोशाची जाळी अंथरली होती, वर प्लास्टिकची फुलं, काचेचा मासा आणि आईचा फोटो. नवीन पाहुणी आली की विचारायची, "वर्ना, हे कपाट कसलं गं?" मी म्हणायची, "कपाट नाही बाई, माझा भाऊ आहे तो."

भाऊ म्हणजे एव्हर्टन. जमैकाहून आम्ही इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनला आलो तेव्हा तो आईच्या पोटात होता. आई इस्पितळात फरशा पुसायची आणि रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या वरताण आवाजात गायची. तिथल्याच ऑर्गनवर एव्हर्टन शिकला, पाय खाली पोचत नव्हते तेव्हापासून. त्याने जन्मभर तिथंच बसावं असं आईच्या मनात होतं. पण गल्लीतल्या बार्नी मलहर्नने, त्या वाह्यात आयरिश कार्ट्याने, त्याला फितवलं आणि बँड काढला. 'द बस इन्स्पेक्टर्स'. चार काळे, तीन गोरे, सगळ्यांच्या डोक्यावर बारीक काठाच्या टोप्या. संगीत आमच्या बेटावरचं, स्का. शिव्या मात्र इथल्या.

"सैतानाची गाणी," आई म्हणाली. "माझ्या घरात नकोत."

स्कामध्ये ऑर्गनवाल्याचं काम चोरट्या पावलांचं. ठेका पडतो तिथं वाजवायचं नाही, दोन ठेक्यांच्या मधल्या फटीत शिरायचं. लोक बघणार गाणाऱ्याकडे. आणि ते धूड जिन्यावरून चढवायला चार माणसं लागत. बाकीचे बारमध्ये पळाले की हा बिचारा खाली थंडीत ऑर्गनला टेकून उभा.

"एव्ह, तू वाजवणारा आहेस की हमाल?" मी चिडवायची.

"दोन्ही," म्हणायचा आणि हसायचा. डोक्याचा चकोट केलेली गोरी पोरं त्याच्याच गाण्यांवर नाचायची आणि काळा म्हणून त्याच्यावरच थुंकायची. मेल्यांनो, कसं जमायचं रे तुम्हाला? तरी हा वाजवायचा.

त्यांची एक तबकडी गाजली. त्यानंतर आमच्याच गावात हॉलमध्ये कार्यक्रम होता आणि तिथं, कुणाला न सांगता, आई आली. चर्चला घालायची टोपी, हातमोजे, पर्स छातीशी धरून अगदी मागे दाराशी उभी. एव्हर्टनने तिला पाहिलं आणि तबकडीतल्या त्याच गाण्याच्या ऐन मध्यावर हात उचलून डोक्यावरची टोपी काढली. ऑर्गन गप्प! गाण्याला भोकच पडलं. बार्नीने तिथल्या तिथं शिवी हासडली, पण अख्खा हॉल "हेऽऽ" करून ओरडला. आईने मान हलवली, एवढंच. तेव्हापासून त्या गाण्यात त्या जागी एव्हर्टन दर वेळी टोपी काढायचा, ऑर्गन थांबायचा आणि लोक ओरडायचे. आई पुन्हा गेली नाही. पुढच्याच हिवाळ्यात ती वारली.

मग भांडणं झाली, बँड मोडला. बार्नी लंडनला गेला, एव्हर्टन शाळेची बस चालवू लागला. त्याचं लग्न टिकलं नाही. मग त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात अर्धा गेला. मी त्याला ऑर्गनसकट माझ्याकडे आणलं. "हात येतो गं," तो म्हणायचा, "पण उशिरा येतो." अशा वेळी मला देवाचा राग यायचा. घ्यायचाच होता तर दुसऱ्या कुणाचा हात मिळाला नाही का?

आणि एक दिवस बार्नी दारात. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं. माझा मटण-भात चापून खाल्ला आणि म्हणाला, "पुन्हा एकत्र येतोय, वर्ना. त्याच हॉलमध्ये. लोकांना सातही जण दिसायला हवेत."

"त्याचा हात बघितलास का, टोणग्या?"

"जमेल तसं वाजवू दे. मी सांभाळून घेतो."

मी जाळी काढली. एव्हर्टन सकाळ-संध्याकाळ बसायचा. बोटं मागे पडायची, तो डाव्या मुठीने उजव्या हाताला मारायचा. "राहू दे ना रे," मी म्हणायची.

"ते एकच गाणं, वर्ना. ती जागा एकदा नीट आली की मी सुटलो."

कार्यक्रमाला मी मुद्दाम मागे दाराशी उभी राहिले, आई उभी होती तिथं. आणि काय सांगू, ऑर्गन असा वाजत होता! एकही सूर उशिरा नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली. देवा, माफ कर, म्हटलं, उगाच बोलले तुला.

मग ती जागा आली. एव्हर्टनने दाराकडे पाहिलं, हात उचलले, टोपी काढली.

ऑर्गन वाजतच राहिला.

लोक "हेऽऽ" करून ओरडले. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. एव्हर्टन टोपी हातात धरून ऐकत होता. मग त्याने ती पुन्हा डोक्यावर चढवली, बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि गाणं संपेपर्यंत हलवत राहिला.

रंगमंचामागे जाऊन मी एव्हर्टनच्या देखत बार्नीची गचांडी धरली. तो रडकुंडीला आला. "जुन्या तबकडीतला ऑर्गन वेगळा काढून लावला होता. तुझा फक्त तुझ्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमध्ये ऐकू येत होता, एव्ह. पण दुसरा कोणी नाही रे, देवाशपथ! तूच आहेस तो, बावीस वर्षांचा!"

"हो," एव्हर्टन म्हणाला. "पण त्यात आई अजून आलेली नाही."

दुसऱ्या दिवशी ऑर्गन घरी आला. मी म्हटलं, "माझ्यासाठी वाजव. चुकलं तर चुकलं." त्याने खणातून जाळी काढली, डाव्या हाताने नीट अंथरली. फुलं, मासा, फोटो, सगळं जिथल्या तिथं ठेवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

परवा चर्चमधली एक नवीन बाई चहाला आली होती. "वर्ना, हे कपाट कसलं गं?"

मी तोंड उघडायच्या आत एव्हर्टन म्हणाला, "जुनं आहे. आईचं सामान ठेवतो आम्ही त्यावर."